हेल्मेटवरच्या दोन पट्ट्या आणि एक कोयता

फाल्क्स या शस्त्रावरचे व्हिडिओ हल्ली इतके झालेत की मोबाईल उघडला की तेच समोर येतं, आणि सगळ्यांची गोष्टही एकच असते. एक उघडा माणूस, दोन्ही हातांनी धरलेलं वाकडं पातं, एकाच फटक्यात रोमन शिपायाचं हेल्मेट फुटतं, आणि खाली लिहिलेलं असतं की जगातलं हे एकमेव शस्त्र ज्याच्या भीतीने रोमला आपलं चिलखत बदलावं लागलं. खाली शेकडो लोक लिहितात काय भारी, काय भारी. मला हे शस्त्र खरंच आवडतं, गेली कित्येक वर्षं मिळेल ते वाचत आलोय, आणि म्हणूनच ही अशी सांगितलेली गोष्ट मला खटकते. फाल्क्सच्या जखमा भयानक होत्या, रोमन सैन्याने त्याची दखल घेतली याचा दगडात कोरलेला पुरावा आहे, यात वाद नाही. पण शस्त्राला हिरो केलं की ते हातात धरणारा माणूस दिसेनासा होतो आणि तो का जिंकला, का हरला हे कळायचं बंद होतं. इतिहास शिकवणाऱ्यांनी, म्युझियमवाल्यांनी, गेम बनवणाऱ्यांनी आणि व्हिडिओ करणाऱ्यांनी हे बदलायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का हे नीट सांगायचंय.

आधी शस्त्राबद्दल. फाल्क्स हा लॅटिन शब्द, अर्थ एकदम साधा, विळा. शेतातला विळा, झाडं छाटायचा कोयता, इतकंच काय तटबंदीचे दगड ओढून काढायला लांब वाशाला लावलेला आकडा, या सगळ्यालाच रोमन लोक फाल्क्स म्हणायचे. डेशियन लोकांचं स्वतःचं काही नाव असणारच, पण टिकलं ते शत्रूने ठेवलेलं. डेशिया म्हणजे आजचा रोमेनिया, कार्पेथियन डोंगरांचा मुलूख, डॅन्यूब नदीच्या उत्तरेला. तिथे दोन प्रकार होते, एका हातात धरायची आखूड वाकडी सिका, आणि लांब दांड्याचं दोन हातांनी चालवायचं मोठं फाल्क्स. दोन्हीची धार आतल्या बाजूला, विळ्यासारखी. नेहमीच्या वाकड्या तलवारीची धार बाहेरच्या बाजूला असते आणि ती सरकत कापत जाते, इथे उलटं आहे.

हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही, हातात अवजार घेतलं की कळतो. गावाकडे उसाच्या फडात मी एकदा दिवसभर कोयता चालवलाय, हात भरून आले होते, पण एक गोष्ट कायमची कळली की कोयता नुसता आपटायचा नसतो, तो बसला की आपल्याकडे ओढायचा असतो, वजन पुढच्या बाजूला असल्यामुळे निम्मं काम तोच करतो. आणि धनगराची आकडी पाहिली असेल तर अजून चांगलं समजेल, लांब काठीच्या टोकाला विळा, उंच फांदीवर अडकवायचा आणि खाली खेचायचा. फांदी पानांच्या मागे असली तरी चालतं, कारण पातं वाकून मागच्या बाजूला पोचतं. आता त्या पानांच्या जागी ढाल ठेवा आणि फांदीच्या जागी माणूस. फाल्क्सची सगळी ताकद त्यात आहे.

रोमन शिपाई कसा लढायचा ते बघा म्हणजे हे अजून पटेल. डाव्या हातात स्कूटम, लाकडाच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून केलेली वाकवलेली मोठी ढाल, खांद्यापासून गुडघ्याच्या आसपासपर्यंत अंग झाकणारी, कडेला धातूची पट्टी. उजव्या हातात ग्लॅडियस, आखूड तलवार, मुख्य काम भोसकायचं. म्हणजे पूर्ण पद्धतच अशी की ढालीच्या मागे राहा, समोरच्याच्या जवळ घुसा, आणि उजवा हात झटकन बाहेर काढून पोटात टोक घाल. हजारो वेळा सराव करून बसलेली गोष्ट. या पद्धतीत शरीराचे तीनच भाग खरे उघडे राहतात. ढालीच्या वरून दिसणारं डोकं, भोसकायला बाहेर येणारा उजवा हात, आणि पुढे टाकलेल्या पायाची नडगी. आता समोर दोन हातांनी फाल्क्स धरलेला माणूस आणा. त्याला ढालीच्या समोर येऊन भिडायची गरजच नाही, तो लांबूनच वरून मारतो आणि वाकडं टोक ढालीच्या कडेवरून पलीकडे उतरतं, थेट हेल्मेटच्या टाळूवर किंवा खांद्यावर. किंवा हात बाहेर येण्याची वाट बघतो आणि कोपराच्या खाली मारतो. दोन हातांचा जोर, लांब दांड्याची फेक, आणि सगळं वजन एका टोकावर एकवटलेलं, त्यामुळे पत्र्याच्या गोल हेल्मेटवरून एरवी घसरून जाणारा वार इथे टोचून आत जातो.

म्हणून रोमनांनी काय बदललं ते बरोब्बर या तीन जागांवर आहे, आणि ही या विषयातली मला सगळ्यात जास्त पटणारी गोष्ट आहे. हेल्मेटच्या डोक्यावरून दोन जाड पट्ट्या, एक पुढून मागे आणि एक कानापासून कानापर्यंत, फुलीसारख्या. काही हेल्मेटांवर त्या आधीच तयार असलेल्या हेल्मेटला नंतर रिव्हेट मारून बसवल्यात, म्हणजे कारखान्यातून नवा माल यायची वाट न बघता जागेवरच जोडकाम केलेलं. रोमेनियातल्या बेर्झोविया गावात, जिथे रोमन छावणी होती, असं हेल्मेट सापडलंय. उजव्या हाताला मॅनिका, म्हणजे एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्यांचं बाहीसारखं कवच. आणि नडग्यांवर धातूची कवचं, जी त्या काळात सहसा सेंच्युरियन नावाच्या अधिकाऱ्याच्या अंगावर असायची, साध्या शिपायाच्या नाही.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? दोन स्मारकं आहेत आणि दोन्ही रोमन सम्राट ट्रेजनने डेशियाशी केलेल्या युद्धाची आहेत. एक रोम शहरातला ट्रेजनचा स्तंभ, इसवी सन ११३ मधला, जवळपास ३० मीटर उंच दांडा आणि त्यावर गोल गोल वर चढत गेलेली कोरीव पट्टी, १५० हून जास्त प्रसंग आणि अडीच हजारांवर माणसं. दुसरं रोमेनियाच्या डोब्रोजा भागात अदामक्लिसी इथलं विजयस्मारक, इसवी सन १०९ मधलं, मंगळाला, म्हणजे सूड घेणाऱ्या मार्सला, अर्पण केलेलं. त्याच्या भोवती ५४ चौकोनी दगडी शिल्पं होती, त्यातली बहुतेक आज तिथल्याच म्युझियममध्ये आहेत आणि एक इस्तंबूलला आहे. स्तंभावर लीजनचे, म्हणजे रोमच्या मुख्य पलटणींचे, सगळे शिपाई एकाच युनिफॉर्ममध्ये, लोखंडी पट्ट्यांच्या चिलखतात, उजवा हात उघडा. समोरच्या डेशियनांच्या हातात बहुतेक ठिकाणी छोटी सिका. मोठी फाल्क्स दिसतात ती खाली चौथऱ्यावर, जप्त केलेल्या शस्त्रांच्या ढिगात. अदामक्लिसीला चित्रच वेगळं आहे. तिथे शिपायांच्या अंगावर कड्यांचं किंवा खवल्यांचं चिलखत आहे, हातावर मॅनिका आहे, पायावर कवच आहे, आणि समोर दोन हातांनी मोठं फाल्क्स उगारलेली माणसं आहेत.

स्तंभ सुंदर आहे, अदामक्लिसीची शिल्पं ओबडधोबड आहेत, माणसांची डोकी मोठी, हात जाड, प्रमाण बिघडलेलं. गेली कित्येक दशकं पुस्तकांच्या कव्हरवर स्तंभ छापला जातो आणि अदामक्लिसी आतल्या एखाद्या पानावर. मला हे उलटं व्हायला पाहिजे असं वाटतं. स्तंभ राजधानीतल्या लोकांनी राजधानीतल्या लोकांसाठी केला, तिथे कारागिराला लीजनचा शिपाई कुठला आणि सहायक पलटणीतला कुठला हे लांबून ओळखू येणं महत्त्वाचं होतं. अदामक्लिसीचं काम सरहद्दीवर झालं, ज्या भागात १०१-१०२ च्या हिवाळ्यात खरी लढाई झाली त्याच भागात, आणि ते बघणाऱ्यांमध्ये त्या लढाईतून परत आलेले लोक होते. ज्याने स्वतः मॅनिका बांधून मार खाल्लाय त्याच्यासमोर खोटं कोरणं अवघड असतं. छिन्नी चांगली नसेल, पण बघितलेलं असावं. ज्यांना वाटतं फाल्क्स ही नुसती वाढवून सांगितलेली गोष्ट आहे त्यांना माझं उत्तर हेच आहे, ते दगड बघा.

अजून एक साक्ष आहे. फ्रोंटो नावाचा विद्वान, सम्राट मार्कस ऑरेलियसचा शिक्षक, त्याने लिहिलंय की ट्रेजन पुढे पार्थियनांवर, म्हणजे इराणकडच्या साम्राज्यावर, चालून गेला तेव्हा त्याचे जुने शिपाई पार्थियन बाणांना किंमत देत नव्हते, कारण डेशियनांच्या फाल्क्सने झालेल्या मोठमोठ्या जखमा त्यांनी बघितल्या होत्या. फ्रोंटो हे लिहीत होता तेव्हा त्या युद्धाला अर्धशतक उलटलं होतं, आणि तो भाषा सजवणारा माणूस होता हेही खरं. तरी इतक्या वर्षांनी डेशियन म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा फाल्क्सच आठवलं, म्हणजे सैन्यात ही आठवण तोंडोतोंडी टिकून होती.

इथपर्यंत व्हिडिओवाले आणि मी एकत्र आहोत. आता जिथे आम्ही वेगळे होतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, मॅनिका डेशियन युद्धासाठी शोधलीच नव्हती. जर्मनीतल्या माइन्झला पहिल्या शतकातल्या एका लीजनच्या शिपायाचा समाधीदगड आहे त्यावर मॅनिका कोरलेली आहे, डेशियन युद्धाच्या कितीतरी आधीची. ग्लॅडिएटर तर ती कायमच घालायचे. ब्रिटनमध्ये कार्लाइल आणि न्यूस्टेड इथेही तशा पट्ट्या सापडल्यात, जिथे फाल्क्सचा काही संबंध नव्हता. म्हणजे रोमनांकडे वस्तू आधीपासून होती, डेशियात ती जास्त लोकांच्या हातावर चढली. फुलीच्या पट्ट्या मात्र त्या काळानंतर हेल्मेटवर कायमच्याच झाल्या, पॅलेस्टाईनमध्ये हेब्रॉनच्या बाजूला सापडलेल्या एका रोमन हेल्मेटवर त्या छान सजवून बसवल्यात. शस्त्राला घाबरून एक साम्राज्य थरथरलं अशी ही गोष्ट नाहीये. एका मोठ्या सैन्याने अडचण ओळखली, गोदामात जे होतं ते काढलं, लोहाराला बसवलं आणि पुढे चालू लागलं. मला विचाराल तर हीच जास्त घाबरवणारी गोष्ट आहे, समोरच्याच्या दृष्टीने.

दुसरी गोष्ट, आणि ही कुणी बोलतच नाही. फाल्क्स दोन हातांनी धरायचं म्हणजे हातात ढाल नाही. रोमन शिपाई भिडायच्या आधी पिलम फेकायचा, लांब लोखंडी दांडीचा जड भाला, आणि एकदम शेकडो पिलम हवेतून यायचे. त्याच्या मागे सहायक पलटणींचे तिरंदाज, गोफणवाले, आणि गाड्यांवर बसवलेली बाण फेकायची यंत्रं, ती तर स्तंभावरच कोरलेली आहेत. या सगळ्यातून अंगावर फक्त सदरा किंवा तोही नाही असा माणूस चालत पुढे येतो, हातात एक लांब कोयता घेऊन. त्याला फिरवायला दोन्ही बाजूला मोकळी जागा लागते म्हणजे शेजारच्या मित्राच्या अंगाला अंग लावून उभं राहता येत नाही, म्हणजे ढालींची भिंतही नाही. पहिला वार चुकला तर पातं खाली गेलेलं असतं आणि समोरचा ढाल पुढे रेटून एका पावलात आत येतो, मग तो आखूड ग्लॅडियस आणि हे उघडं पोट असा हिशेब होतो. अदामक्लिसीच्या दगडांवर फाल्क्स उगारलेला माणूस दिसतो तसे मरून पडलेलेही दिसतात. व्हिडिओत हेल्मेट फुटतं तो एक सेकंद असतो, त्या सेकंदापर्यंत पोचायला किती माणसं पडली असतील ते दाखवत नाहीत. हे दाखवलं की त्या माणसाचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. ढाल टाकून पुढे जाणारा माणूस शूर असतो, त्याच्या हातात जादू आहे म्हणून तो शूर नसतो.

काही जण म्हणतात जंगलात हे शस्त्र अजेय होतं. यावर रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमाराला मॅसेडोनियाच्या राजा फिलिपकडून लढणारे थ्रेशियन, म्हणजे डेशियनांचेच दक्षिणेकडचे नातलग, लांब पात्याची ऱ्होम्फाया घेऊन जंगलात रोमनांशी लढायला गेले आणि पाती फांद्यांमध्ये अडकायला लागली. मोकळ्यावर हेच लोक फार भयंकर दिसायचे, इसवी सनापूर्वी १६८ साली पिडनाच्या लढाईत उंचपुरे थ्रेशियन काळे सदरे घालून, चमकणाऱ्या पांढऱ्या ढाली घेऊन, उजव्या खांद्यावरून जड लोखंडी ऱ्होम्फाया हलवत पुढे आले असं ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहिलंय. पण पिडनाला शेवटी रोमच जिंकला. फाल्क्स आणि ऱ्होम्फाया एकच नाहीत, पण लांब पातं आणि दाट झाडी यांचं भांडण दोघांनाही सारखंच. एखादं शस्त्र सगळीकडे चालतं असं जगात कधी झालेलं नाही.

मग डेशिया हरला कशाने? याचं उत्तर शस्त्रांच्या कपाटात शोधूच नका. इसवी सन ८५-८६ च्या सुमाराला डेशियनांनी नदी ओलांडून मोएशिया या रोमन प्रांताचा गव्हर्नर ओपियस सॅबिनस मारला, पुढे तापाएच्या खिंडीत प्रिटोरियन गार्डचा, म्हणजे सम्राटाच्या रक्षक दलाचा, प्रमुख कॉर्नेलियस फुस्कस अख्ख्या सैन्यासकट संपवला. फाल्क्स तेव्हाही होतंच. तेव्हाचा सम्राट डोमिशियन याने ८९ मध्ये तह केला तेव्हा डेशियनांचा राजा डेसेबालस याने काय मागून घेतलं? पैसे, आणि रोमन कारागीर आणि इंजिनियर. हा माणूस खरा हुशार. त्याला माहिती होतं की कोयत्याने एक लढाई मारता येते पण किल्ले आणि यंत्रं असल्याशिवाय रोमसमोर टिकता येत नाही. आणि १०२ मध्ये ट्रेजनने पहिलं युद्ध जिंकून अटी घातल्या त्याही बघा, रोमन इतिहासकार कॅशियस दिओने दिल्यात, शस्त्रं दे, युद्धयंत्रं दे, ती बनवणारे कारागीर दे, पळून आलेले रोमन परत दे, किल्ले पाड. ट्रेजनला सगळ्यात जास्त सलत होते ते यंत्र बनवणारे हात. फाल्क्स तर जप्त करून उपयोगच नव्हता असं मला वाटतं, डेशियाची राजधानी सार्मिझेगेटुसाच्या डोंगरात लोहारकामाचे आणि शेतीच्या अवजारांचे केवढे अवशेष सापडलेत, जिथे विळा बनतो तिथे फाल्क्स पुन्हा बनणारच.

ट्रेजनची तयारी बघितली की डोळे फिरतात. युद्धाच्या आधीच, १०० सालापर्यंत, डॅन्यूबच्या कड्यांमध्ये डोंगर फोडून रस्ता केला, त्याचा शिलालेख आजही आहे, धरण बांधताना तो उचलून वर बसवला. दोन युद्धांच्या मधल्या काळात, १०३ ते १०५, दमास्कसच्या अपोलोडोरसने डॅन्यूबवर पूल बांधला, २० दगडी खांब, अकराशे मीटरपेक्षा जास्त लांब. एवढी रुंद नदी अडथळा म्हणून संपली. त्यानंतर कितीही हेल्मेटं फुटली असती तरी मागून दुसरी माणसं, दुसरं धान्य, दुसरं लोखंड पुलावरून चालत येणारच होतं. पहिल्या युद्धात तापाएला रोमनांचे इतके जखमी झाले की पट्ट्या संपल्या आणि ट्रेजनने स्वतःचे कपडे फाडून दिले असं दिओ सांगतो. फाल्क्सचं काम तिथे दिसतं. पण ज्या सैन्याकडे एवढे जखमी होऊनही पुढचा मोसम, पुढचं वर्ष आणि पुढचा पूल होता, त्याला एका शस्त्राने थांबवता येत नाही.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने का सांगतोय, कारण शस्त्राची पूजा ही निरागस गोष्ट राहत नाही. रोमेनियातच बघा. चाउसेस्कूच्या राजवटीत १९८० मध्ये बुरेबिस्ता या प्राचीन राजाच्या डेशियन राज्याला २०५० वर्षं झाली म्हणून सरकारी सोहळे झाले, जणू दोन हजार वर्षांपूर्वीची टोळ्यांची युती म्हणजे आजचं राष्ट्रच, आणि त्याचा वारस म्हणजे आजचा हुकूमशहा. प्राचीन वीर असे कामाला लावले जातात. आणि दुसरं टोक म्हणजे चोरी. सार्मिझेगेटुसाच्या जंगलातून मेटल डिटेक्टर घेऊन लोकांनी सोन्याची नागमोडी कडी उकरून परदेशात विकली, सरकारने त्यातली १३ मोठ्या कष्टाने परत आणली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या एका प्रदर्शनातून तीन कडी आणि कोत्सोफेनेश्तीचं सोन्याचं शिरस्त्राण स्फोट घडवून पळवलं गेलं. भूतकाळ म्हणजे नुसती चमकणारी वस्तू असं लोकांच्या डोक्यात बसलं की ती वस्तू कुठून उपटली याची कुणाला फिकीर राहत नाही. जमिनीतल्या एका फाल्क्सचं मोल ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं यात असतं. ते उपटून भिंतीवर टांगलं की लोखंडाचा तुकडा उरतो.

आपल्याकडेही मला हीच सवय दिसते. शस्त्रप्रदर्शनाला तुडुंब गर्दी असते, ती असावीच, मुलं तलवार, दांडपट्टा, विटा बघून डोळे मोठे करतात ते मला फार आवडतं. पण टेबलामागचा माणूस जेव्हा फक्त वजन आणि एका फटक्यात काय काय कापलं जायचं एवढंच सांगतो तेव्हा वाईट वाटतं. आज्ञापत्रात लिहिलंय, संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग. तलवार लिहिलेलं नाही. गडावर पाणी किती, धान्य किती, दारूखाना कुठे, हवालदार कोण, याची काळजी त्यात पानापानावर आहे. तिथे उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोराला हे सांगितलं तर त्याला कंटाळा येईल असं का समजायचं? मी माझ्या भाच्याला फाल्क्सची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, मग ढाल कुठल्या हातात धरायचा? पोरांना बरोबर प्रश्न पडतात, मोठ्यांनी उत्तर द्यायची तयारी ठेवायला पाहिजे.

१०६ मध्ये सगळं संपलं. रोमन घोडेस्वार मागे लागले तेव्हा डेसेबालसने स्वतःचा गळा कापला. स्तंभावर तो झाडाखाली गुडघ्यावर बसलेला आहे आणि हातात छोटं वाकडं पातं आहे. ज्याने त्याला गाठलं त्या टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमसचा समाधीदगड १९६५ मध्ये ग्रीसमध्ये फिलिपीजवळ सापडला, त्यावरही तोच प्रसंग आहे, राजा कोसळतोय आणि वाकडं शस्त्र हातातून सुटतंय. ट्रेजन रोमला परतल्यावर १२३ दिवस खेळ चालले, १०,००० ग्लॅडिएटर लढले, ११,००० जनावरं मारली गेली, आणि दिओने त्याच्याच शेजारी लिहिलंय की तेव्हा ठिकठिकाणचे राजदूत भेटायला आले होते, त्यात हिंदुस्थानातलेही होते. आपल्या इथून गेलेल्या त्या माणसांनी काय बघितलं असेल याचा मी खूपदा विचार करतो.

हरलेल्या डेशियातले तरुण रोमन सैन्यात भरती झाले आणि त्यांची एक पलटण, पहिली एलिया डेशियन पलटण, थेट रोमन ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीला हेड्रियनच्या भिंतीवर बर्डोस्वाल्डच्या ठाण्यात जाऊन बसली. तिथे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा त्यांचा एक शिलालेख आहे. मजकूर नेहमीचा, गव्हर्नरचं नाव, पलटणीचं नाव, अधिकाऱ्याचं नाव. पण बाजूला ताडाची एक फांदी कोरलीय, विजयाची खूण, आणि दुसरीकडे एक वाकडी तलवार. युद्ध होऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. रोमचं चिलखत घातलेल्या, रोमचा पगार घेणाऱ्या, डॅन्यूब कधी बघितलीही नसेल अशा माणसांनी आपली खूण म्हणून तेच पातं निवडलं. याला प्रतिकार म्हणायचं की शरणागती, मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात, आणि कुठल्याही व्हिडिओत मला हा दगड अजून दिसलेला नाही. त्याच ठाण्यावर अजून एक दगड सापडलाय, लहान वयात गेलेल्या मुलांचा. त्यातल्या एकाचं नाव होतं डेसेबालस.